टेम्परेचर कंट्रोलवालं सोल्डरिंग आयर्न: घ्यायचं कोणतं आणि बंद पडलं तर उघडायचं कसं

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही रिपेरिंगच्या टेबलावर बघा, साधं २५ वॅटचं आयर्न हमखास सापडेल, आणि एलईडी बल्ब, पंख्याचा रेग्युलेटर, चार्जरची वायर इतकंच काम असेल तर त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण आता टेबलावर येतंय काय तर मोबाईलवरून चालणारे पंपाचे ऑटो स्टार्टर, सोलर पंपाचे कंट्रोलर, इन्व्हर्टरचे बोर्ड, ई-बाईकचे चार्जर. या बोर्डांवर एका बाजूला जाड कॉपर असतं आणि दुसऱ्या बाजूला डोळ्यात तेल घालून बघावे लागतील असे बारीक एसएमडी, म्हणजे भोकाशिवाय बोर्डावरच सोल्डर केलेले पार्ट, वरून गिऱ्हाईक डोक्यावर उभं की भाऊ केळीला पाणी द्यायचंय, आजच पायजे. अशा वेळी पॅड, म्हणजे पार्ट जिथं सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका, उचलला गेला की स्वस्तातलं आयर्न एकदम महाग पडतं.

साधं आयर्न कमी का पडतं ते व्होल्टेजवरूनच समजून घ्या, कारण आपल्याकडे खरा त्रास तोच आहे. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे २३० व्होल्टला २५ वॅट देणारं आयर्न शेतातल्या मोटारी चालू असताना १८० व्होल्टवर जेमतेम १५ वॅट देतं, आणि मोटारी बंद झाल्या, व्होल्टेज २५० ला गेलं की तेच आयर्न तीसच्या जवळ पोचतं. म्हणून संध्याकाळी जॉइंट ड्राय, म्हणजे कच्चा, राहतो आणि रात्री बिट, म्हणजे आयर्नचा पुढचा तापणारा भाग, काळं पडतं, आणि आपण शिव्या देतो सोल्डर वायरला. आयर्नच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावायचा जुगाड बरेच जण करतात, तो टेम्परेचर कंट्रोल नाही बरं का, त्याने फक्त पॉवर कमी होते, बिट किती तापलंय हे त्याला कळायला काही साधनच नाही.

कंट्रोल म्हणजे बिटच्या आसपास एक सेन्सर, तो सारखं सांगत राहतो आणि स्टेशन, म्हणजे आयर्न ज्याला जोडलेलं असतं तो डबा, त्याप्रमाणे हीटर चालू-बंद करतं. इथे एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा: डिस्प्लेवरचा आकडा सेन्सरचा असतो, जॉइंटचा नाही. सेन्सर बिटच्या टोकापासून जितका लांब तितकं ते आयर्न हळू जागं होणार. जाड ग्राउंडवर बिट टेकवलं, टोक थंड पडलं, पण स्टेशनला ते दोन-तीन सेकंदांनी समजलं, तोवर आपण बटण दाबून ३५० चं ४५० केलेलं असतं. घेताना वॅट विचारू नका, सेन्सर कुठं आहे ते विचारा. आणि दुसरा प्रश्न, बिट आणि एलिमेंट (बिट तापवणारा भाग) आपल्याला सहज मिळतंय का. या दोन प्रश्नांतच बहुतेक निवड होऊन जाते.

कोणतं घ्यायचं

हँडलवरच नॉब असलेलं, थेट २३० वर चालणारं आयर्न ऑनलाइन खूप दिसतं, ६० वॅट, ८० वॅट वगैरे लिहिलेलं. यातल्या बऱ्याच स्वस्त आयर्नमध्ये सेन्सरच नसतो, आत एक ट्रायॅक, म्हणजे पॉवर कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो आणि नॉबवरचे आकडे शोभेचे असतात. डिमरचा जुगाड हँडलमध्ये घातला इतकंच. शिवाय हँडलमध्ये मेनचं व्होल्टेज येतं. घरी कधीतरी वापरायला ठीक आहे, दुकानात नको.

मग येतं ९३६ टाईपचं स्टेशन. मूळ हाको ९३६ कंपनीने कधीच बंद केलं, पण त्याची नक्कल अजूनही सगळीकडे मिळते, भारतीय नावांनी पण मिळते. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पाच पिनचा कनेक्टर, ९०७ टाईपचं हँडल आणि ९००एम सिरीजची पोकळ बिटं जी एलिमेंटवर टोपीसारखी बसतात. सेन्सर एलिमेंटच्या आत असतो, म्हणजे बिट आणि सेन्सरच्या मध्ये हवेची फट राहते, म्हणून हे हळू आहे. पण पार्ट सगळीकडे मिळतात, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करा, नाहीतर मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने मागवा, आणि ट्रान्सफॉर्मर असल्याने आपलं व्होल्टेज वरखाली होतं ते बऱ्यापैकी सहन करतं. आयटीआयच्या पोरांना मी हेच सांगतो, कारण हे उघडून शिकता येतं.

टी१२ टाईपमध्ये बिट, हीटर आणि सेन्सर एकाच नळीत असतात, सेन्सर टोकाजवळ. ही खरी उडी आहे. बिटचा रेझिस्टन्स साधारण ८ ओहम, म्हणजे २४ व्होल्टवर ७२ वॅट, आणि काही सेकंदात सोल्डर वितळायला लागतं. जुना लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावून पण चालतं, तेव्हा ४५ वॅट मिळतात आणि करंट अडीच अँपिअरच्या आतच राहतो, रोजच्या कामाला ते पुरतं. गावातला एखादा आप्पा विचारेलच की 'कसाले इतला पैसा टाकस?', पण एकदा याच्यावर हात बसला की जुनं आयर्न हातात धरवत नाही. खर्च एवढाच की बिट गेलं की हीटरसकट गेलं.

याच्या वर सी२४५ आणि सी२१० टाईप, जेबीसीचं डिझाईन. सी२१० मोबाईलच्या बारीक कामाला, सी२४५ सगळ्याला. दिवसभर बोर्ड उतरवणाऱ्याने घ्यावं, बाकीच्यांनी पैसे चांगल्या बिटांवर घालावेत.

शेतात जाऊन कंट्रोलर दुरुस्त करणारे असाल तर पाइनसिल किंवा टीएस१०० सारखं पेनाएवढं आयर्न बघा, दोघांची बिटं एकमेकांना चालतात. पण सप्लायचं गणित करा. ८ ओहमच्या बिटला बाईकच्या १२ व्होल्टवर फक्त १८ वॅट मिळतात, म्हणजे बारीक वायरीला ठीक, लगला (वायरीच्या टोकाच्या जाड टर्मिनलला) नाही. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या की फुल चार्जला २५ च्या वर जातं आणि या आयर्नची हद्द २४ ची, तो मोह टाळा. पाइनसिलला टाईप-सी पीडी (जास्त व्होल्टेज देऊ शकणारा) चार्जर लावणार असाल तर २० व्होल्ट देणारा पायजे, मोबाईलचे पुष्कळ चार्जर ९ वरच थांबतात आणि मग लोक म्हणतात आयर्न बेकार आहे.

जुन्या बाजारात वेलरचं मॅग्नास्टॅट दिसलं तर सोडू नका. त्यात इलेक्ट्रॉनिक्सच नाही. बिटच्या मागे एक खास धातूचा तुकडा असतो, तो ठराविक टेम्परेचरला चुंबकाला चिकटायचा बंद होतो आणि स्विच उघडतो, थंड झाला की परत चिकटतो. बिटवर ७ लिहिलं असेल तर ७०० फॅरेनहाइट, म्हणजे आपलं ३७० सेल्सिअस. टेम्परेचर बदलायचं तर बिट बदलायचं.

बंद पडलं तर

९३६ टाईप धरून सांगतो, कारण तेच जास्त आहेत. प्लग काढा, थंड होऊ द्या, आणि स्टेशनचा डबा उघडायची घाई करू नका, आधी हँडल. हलतं तेच तुटतं, आणि या सगळ्यात सारखी हलणारी एकच गोष्ट म्हणजे केबल.

कनेक्टर काढून पाच पिनांवर मीटर लावा. मीटर २०० ओहमवर ठेवून आधी दोन्ही प्रोब एकमेकाला लावून काय दाखवतं ते बघा, अर्धा ओहम वगैरे असेल तो वजा करायचा, कारण इथे दोन-तीन ओहमचाच खेळ आहे. ओरिजनल सिरॅमिक एलिमेंटमध्ये हीटर अडीच ते साडेतीन ओहम आणि सेन्सर ४३ ते ५८ ओहम दाखवतो. मे महिन्यात दुकानातच बेचाळीस-त्रेचाळीस असतं तेव्हा सेन्सर वरच्या आकड्याकडे झुकलेला दिसेल, त्याला बिघाड समजू नका. नकली हँडलमध्ये बऱ्याचदा हीटर नायक्रोम तारेचा, दहा-पंधरा ओहमच्या आसपास, आणि सेन्सरच्या जागी थर्मोकपल, म्हणजे तापलं की बारीक व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी, ते मीटरवर जवळपास शॉर्टच दिसतं. म्हणजे दोन-तीन ओहम दिसले म्हणून लगेच हीटर समजायचं नाही. मीटर मिलीव्होल्टवर टाका, बिटला लायटर दाखवा, आकडा वर चढायला लागला तर ते थर्मोकपल. के टाईप असेल तर दर शंभर डिग्रीला साधारण ४ मिलीव्होल्ट, ३५० ला १४ च्या आसपास.

हे ओळखणं का महत्त्वाचं, तर दोन्ही एलिमेंट दिसायला सारखीच असतात आणि एकमेकाच्या स्टेशनला चालत नाहीत. दुकानदार 'सगळं सेम आहे भो' म्हणून देतो, आणि थर्मोकपलवाल्या स्टेशनला दुसऱ्या सेन्सरचं एलिमेंट लावलं की आकडा काहीच्या काही येतो. तसंच थर्मोकपलच्या दोन वायरी उलट जोडल्या तर बिट तापेल तसं स्टेशनला वाटतं थंड होतंय, मग ते फुल पॉवर देत राहतं आणि एलिमेंट लालबुंद. नवीन एलिमेंट टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना बोट स्विचवरच ठेवा, डिस्प्लेचा आकडा वर जाण्याऐवजी खाली सरकला तर लगेच बंद करा आणि त्या दोन वायरी बदला.

हीटर ओपन, म्हणजे आतून तुटलेला, असेल तर आकडा रूम टेम्परेचरवरच बसून राहतो. सेन्सर ओपन असेल तर एस-ई सारखा कोड येतो, किंवा स्वस्तातलं असेल तर एकदम ५०० च्या वरचा आकडा दाखवून गप्प बसतं. पण हे दोन्ही निकाल केबल तपासल्याशिवाय लावायचे नाहीत. मीटर लावून ठेवा आणि केबल हँडलमध्ये शिरते तिथं हळू वाकवत राहा, आकडा येतो-जातो झाला की तुमचं एलिमेंट चांगलं आहे, तार आतून तुटलेली आहे. तिथून बोटभर कापायची, रंग लिहून घ्यायचे, हँडलमध्ये परत सोल्डर करायची, आणि जो रबरी बूट असतो तो परत घालायचा, लोक तोच फेकून देतात आणि मग परत तिथंच तुटते. पूर्ण केबल बदलायची वेळ आली तर सिलिकॉनची घ्या, पीव्हीसीला बिट एकदा टेकलं की संपलं.

एलिमेंट बदलताना नट पकडीने आवळू नका, हाताने घट्ट इतकंच, सिरॅमिक तडकतं. आणि जास्तीचं सोल्डर झटकायला हँडल टेबलावर आपटायची सवय असेल तर ती आजच सोडा, अर्धी एलिमेंटं त्यानेच मरतात. बिट एलिमेंटवर पूर्ण आत बसतंय का बघा, नकली बिटाचं भोक उथळ असतं आणि मग टोकापर्यंत हीट पोचतच नाही. बिटवरची स्लीव्ह (नळी) आठवड्यातून एकदा तरी काढून साफ करा, नाहीतर बिट एलिमेंटला धरून बसतं आणि दोघं बरोबरच निघतात.

हँडल ठीक निघालं तरच डबा उघडा. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला २४ व्होल्ट एसी येतंय का ते पहिलं. येत नसेल तर फ्यूज, फ्यूज चांगला असेल तर प्रायमरीचा रेझिस्टन्स, ओपन दाखवला तर ट्रान्सफॉर्मरच्या पिवळ्या टेपखाली बऱ्याचदा एक थर्मल फ्यूज असतो तो उडालेला असतो. तो डायरेक्ट करून देणं म्हणजे गिऱ्हाईकाच्या टेबलावर आग ठेवणं, त्याच रेटिंगचा नवीन टाका, आणि सोल्डर करताना त्याच्या पायाला चिमट्याने धरा, नाहीतर सोल्डरिंगच्या हीटनेच तो उडतो. २४ येतंय पण आयर्न सेट केलेल्या आकड्याच्या वर धावत सुटतं, थांबतच नाही, तर ट्रायॅक किंवा मॉस्फेट (तसाच दुसरा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट. आकडा नाचतो तर नॉबचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर), जिनिंगजवळ दुकान असेल तर कापसाची बारीक धूळ आत जातेच, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा फिरवा.

टी१२ ला हे सगळं सोपं आहे. बिट बाहेर काढून मागच्या टोकाच्या दोन कॉन्टॅक्टवर ८ ओहमच्या आसपास आलं तर बिट चांगलं, ओपन आलं तर फेका, त्यात दुरुस्तीला काही नाही. बिट चांगलं आणि तरी एरर असेल तर हँडलमधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या सैल झालेल्या असतात, त्या जरा आत वाकवा. डब्यात एसएमपीएस, म्हणजे मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय, असतो, त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी प्लग काढल्यावरही काही वेळ राहतं, रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा, स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका.

अर्थिंग

हे सगळे टाळतात म्हणून वेगळं लिहितो. एसएमपीएसवालं स्टेशन बिनअर्थिंगचं चालवलं तर आतल्या वाय कपॅसिटरमुळे (मेन आणि अर्थ-बॉडीच्या मध्ये असतो तो) बिटवर मेनच्या निम्म्या इतकं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट किरकोळ, हाताला मुंग्या येतात इतकंच, पण बोर्डावरच्या मॉस्फेटचं गेट जाळायला तेवढं पुरतं. मग नवीन मॉस्फेट टाकला, परत गेला, परत टाकला, आणि आपण म्हणतो माल डुप्लिकेट आहे. प्लग काढून मीटरचा एक प्रोब बिटच्या टिनिंग केलेल्या (सोल्डर चढवलेल्या) टोकावर आणि दुसरा प्लगच्या जाड पिनवर लावा, २ ओहमच्या आत पायजे. नवीन स्वस्त स्टेशन घेतल्यावर हे पहिलं करा, कारण काही डब्यांत हिरवी वायर आतल्या बॉडीला जोडलेलीच नसते. आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये अर्थ खरंच आहे का तेही बघा. आपल्याकडे काळी जमीन उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत सुकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मार्च ते जून त्यात अधूनमधून पाणी ओतत राहावं लागतं.

बिट आणि टेम्परेचर

६३/३७ (कथील ६३, शिसं ३७ टक्के) सोल्डर १८३ ला वितळतं, ६०/४० त्याच्या किंचित वर, लेड-फ्री २१७ च्या पुढे. त्यामुळे लेडवाल्याला ३२० ते ३५०, लेड-फ्रीला ३५० ते ३८० भरपूर झालं. जॉइंट वितळत नसेल तर टेम्परेचर वाढवायच्या आधी बिट मोठं करा. ४५० ला फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा राळेसारखा पदार्थ) पसरायच्या आधीच जळतो आणि पॅडखालचा गोंद सुटतो. सुईसारखं टोक एसएमडीला चांगलं हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, टोक बारीक म्हणजे टेकायला जागाच नाही, २.४ एमएमचं चपटं बिट आणि एक सुरीसारखं, ज्याला के बिट म्हणतात, या दोघांवर जवळपास सगळी कामं निघतात.

बिट आतून तांब्याचं असतं आणि वर लोखंडाचा पातळ थर, तो थर म्हणजेच बिटचं आयुष्य. कानस किंवा पॉलिश पेपर लावला की तांबं उघडं पडतं आणि सोल्डर ते खाऊन टाकतं. चुंबक चिकटतो म्हणजे बिट नकली असं सांगणारे भेटतील, ऐकू नका, चांगल्या बिटच्या लोखंडी थरालाही चुंबक चिकटतोच. काळं पडलेलं बिट २५० च्या आसपास ठेवून रोझिन (राळ) आणि ताजं सोल्डर परत परत लावून पितळी जाळीत पुसत राहा, बहुतेक वेळा परत येतं. भांड्याला डाग मारायचं ॲसिड, झिंक क्लोराईडवालं, इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर आणूच नका. ओला स्पंज वापरत असाल तर बोअरचं पाणी नको, क्षार बिटवर बसतात, बॅटरीत टाकायचं पाणी वापरा. बंद करताना टोकावर सोल्डरचा गोळा ठेवून बंद करा. आणि कूलर किंवा पंखा थेट बिटवर सोडू नका, टोक थंड पडतं. धुरात असतो तो फ्लक्स, शिसं नाही, शिसं जातं हातावरून तोंडात, म्हणून तंबाखू मळायच्या आधी साबणाने हात धुवा.

आकडा किती खरा आहे ते बघायला इन्फ्रारेड गन चालत नाही, चकचकीत बिटवर ती भलतंच कमी दाखवते. मीटरसोबत मिळतं ते बारीक थर्मोकपल बिटवरच्या सोल्डरच्या थेंबात बुडवून बघा. ते नसेल आणि स्टेशन तितकं खाली येत असेल तर ते १७० ला ठेवून पाच-पाच डिग्री वाढवत जा, ६३/३७ ची वायर टेकवत राहा, जिथं झटकन वितळेल तिथला आकडा आणि १८३ मधला फरक समजतो. अंदाजच आहे, पण चाळीस डिग्रीचा घोळ असेल तर कळतो. ज्या स्वस्त स्टेशनात थर्मोकपलचं रूम टेम्परेचर धरलेलंच नसतं, ते २५ डिग्रीला सेट केलेलं असेल तर आपल्या ४५ च्या उन्हाळ्यात बिट दाखवतं त्यापेक्षा वीस डिग्री जास्त तापतं. म्हणून समोर कॅल (कॅलिब्रेशन) लिहिलेलं बारीक भोक असेल तर हिवाळ्यात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा स्क्रू फिरवून घ्या.

दुरुस्त केलेलं स्टेशन पहिल्यांदा लावताना सिरीज लॅम्पवर लावा, म्हणजे सप्लायच्या वायरीत मध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, पण हँडल काढून, कारण हँडल लावलं तर हीटरच्या लोडनेच बल्ब पेटतो आणि काही कळत नाही. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक, पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग थेट सप्लायवर, हँडल लावून, ३५० ला दहा मिनिटं ठेवा, केबल हलवून बघा, गार होऊ द्या, आणि देण्याआधी बिट ते अर्थ पिन परत एकदा मोजा.